पेडलवर पाय कुणाचा?

दवाखान्याच्या केसपेपरवर पहिलीच ओळ होती : ‘सायकलवरून पडल्याने डाव्या गुडघ्यास मार.’ मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या वकिलाला ही ओळ दिसली की धडकीच भरते. सायकलवरून पडला म्हणजे आपला आपण पडला, यात मोटार आली कुठून? विमा कंपनी सगळ्यात आधी हाच कागद पुढे करणार, हे ठरलेलं.

“हे असं कुणी लिहायला सांगितलं?” मी काकांना, म्हणजे माझ्या अशिलाला, विचारलं.

“ज्यानं मला तिथं नेलं त्यानंच सांगितलं असणार, मॅडम. मी कुठं शुद्धीत होतो.”

नेणारा म्हणजे ज्याच्या गाडीचं दार लागलं तोच. काकांना दाखल करून, शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईंच्या हातात हजार रुपये ठेवून तो निघून गेला होता. गाडीचा नंबर मिळाला तो रस्त्यावरच्या एका फुलवाल्यामुळे. त्याने तो हार बांधायच्या पुड्याच्या कागदावर लिहून ठेवला होता. नंबरच नसता तर सगळं ‘धडक देऊन पसार’ या सदरात गेलं असतं आणि गंभीर दुखापतीचे ठरावीक 50 हजार रुपये पदरात पडले असते. तेही सरकारी योजनेतून, हेलपाटे घालून.

काका धार लावायचं काम करायचे. सुऱ्या, विळ्या, कात्र्या, न्हाव्याची हत्यारं. सायकल स्टँडवर चढवायची, मागच्या चाकाच्या पुलीवरून पट्टा हँडलजवळच्या दगडापर्यंत आणलेला, सीटवर बसून पेडल मारायचं आणि समोर फिरणाऱ्या दगडावर पातं टेकवायचं. सायकल हे त्यांचं वाहनही होतं आणि कारखानाही. अपघाताच्या सकाळी रस्त्याच्या डाव्या कडेला एक कार उभी होती. काका तिच्या उजवीकडून पुढे निघाले आणि आत बसलेल्या मालकाने आरशात न बघता दार उघडलं. दाराची कड थेट डाव्या गुडघ्यावर बसली. गुडघ्याखालच्या हाडाचा वरचा भागच फुटला. पुढे खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन प्लेट आणि स्क्रू बसले.

माझ्याकडे ते आले तेव्हा पाचवा महिना चालू होता. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आणि 1 एप्रिल 2022 पासून ती लागू झाली, हे लोकांना अजून माहीतच नसतं. प्लास्टर निघायला, कर्ज फेडायला, कुणीतरी ‘वकिलाला भेट’ म्हणायला एवढे महिने सहज जातात. त्याच कायद्याच्या कलम 166 खाली मी घाईघाईने भरपाईचा अर्ज दाखल केला. फिर्यादही उशिरा नोंदलेली होती, पण त्याची मला फारशी काळजी नव्हती. माणूस अस्थिरोग वॉर्डात पडलेला असताना पोलीस ठाण्यात कसा जाणार? सर्वोच्च न्यायालयाने रवी विरुद्ध बद्रीनारायण या 2011 च्या निकालात म्हटलंच आहे की फिर्यादीला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळायचा नसतो.

विमा कंपनीची लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, आली आणि अपेक्षेप्रमाणे सगळं नाकारलेलं होतं. अर्जदार स्वतःच उभ्या गाडीवर मागून आदळला. सायकलवर बेसुमार ओझं होतं. सायकलला घंटी नव्हती. (घंटी वाजवल्याशिवाय धारवाला गल्लीत शिरतो का?) शिवाय गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, म्हणजे ‘मोटार वाहनाचा वापर’च झाला नाही, सबब या न्यायाधिकरणाला, म्हणजे मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या या कोर्टाला, अधिकारच नाही.

हा शेवटचा मुद्दा ऐकायला हुशारीचा वाटतो, पण त्याचं उत्तर आपल्याच राज्यातून गेलेलं आहे. सातारा जिल्ह्यात 1987 साली महामार्गालगत उलटलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला आणि जमलेली माणसं भाजून गेली. तो टँकर तर चालण्याच्या स्थितीतही नव्हता. तरीही 1991 मध्ये शिवाजी दयानू पाटील विरुद्ध वत्सला मोरे या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘वापर’ या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यायचा. उभं वाहनही वापरात असू शकतं. उलटलेला टँकर वापरात असेल तर मालक ज्यातून उतरतोय ती गाडी वापरात नाही, असं कोण म्हणेल?

राहिला ‘मागून आदळला’ हा मुद्दा. इथे मला एक जुनी सवय कामाला आली. गाडीमालकाने स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम टाकलाय का, हे मी नेहमी तपासते. विमा त्याच कंपनीचा. कागदपत्रं हजर करण्याचा अर्ज दिला, बरीच टाळाटाळ झाली आणि अखेर एक फॉर्म आला. त्यात मालकाच्या अक्षरात लिहिलेलं : ‘दार उघडताना सायकल आदळली.’ सोबत सर्व्हेअरचा अहवाल, उजव्या पुढच्या दाराची आतली कड चेपलेली, बिजागरी वाकलेली. दाराचे पैसे कंपनीने चुकतेही केले होते! बंद दाराची आतली कड बाहेरून चेपत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. एकाच कंपनीच्या एका टेबलाने दार उघडं होतं म्हणून पैसे दिले आणि दुसरं टेबल दार उघडलंच नव्हतं म्हणत होतं.

निष्काळजीपणाचा प्रश्न तिथे जवळजवळ संपला. खरी लढाई टक्क्यांची होती.

डॉक्टरांनी दाखला दिला होता डाव्या पायाच्या 22 टक्के कायमच्या अपंगत्वाचा. यावर कंपन्यांचं ठरलेलं गणित असतं : हे एका पायाचे टक्के, संपूर्ण शरीराचे धरायचे तर एक तृतीयांश, म्हणजे जेमतेम सात. त्या हिशोबानेच लोकअदालतीत अडीच लाखांचा प्रस्ताव आला. काका माझ्याकडे बघत होते. “आत्ता मिळतायत तर घेऊ का?” लोकअदालतीला माझा विरोध नाही, पुष्कळ दावे मी तिथेच मिटवलेत. पण इथे मी नको म्हटलं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा 2010 चा निकाल अशाच माणसांसाठी आहे. शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईच्या ताकदीचे टक्के वेगळे. निकालातलंच उदाहरण आहे : डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, पण सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. काकांचं काम पायावर होतं, आणि डॉक्टरांच्या साक्षीत आलं होतं की गुडघा 85 अंशांपुढे वाकत नाही. पेडलची फेरी पूर्ण करायला साधारण 110 अंश लागतात.

आता त्या दिवसाबद्दल. काकांचा उलटतपास होता.

समोरचे वकील अनुभवी आणि सभ्य. आवाज न चढवता माणसाला कोपऱ्यात नेणारे. चालता येतं का? येतं. जिना चढता? कठड्याला धरून चढतो. जमिनीवर बसता? नाही. मग त्यांनी शांतपणे एक फोटो काढला. कंपनीच्या तपासनिसाने रस्त्यापलीकडून टिपलेला. सायकल स्टँडवर, काका वाकून दगडावर सुरी धरलेले, ठिणग्यासुद्धा दिसत होत्या म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी की मला मिळालेली झेरॉक्स काळीकुट्ट होती. काकांचं डोकं आणि चाकाचा गोल यापलीकडे त्यात काही कळत नव्हतं.

“हा फोटो तुमचाच?”

“हो.”

“अपघातानंतरचा?”

“हो.”

“म्हणजे धंदा चालू आहे.”

काका काही बोलले नाहीत. बोला, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण उलटतपासात आपल्या साक्षीदाराला खूण करणंही गैर, त्यामुळे मी फायलीत बघत बसले. फोटो निशाणी म्हणून, म्हणजे पुरावा म्हणून, दाखल करून घेण्यासाठी न्यायाधीश साहेबांकडे गेला. त्यांनी तो सही करण्यापुरता घेतला आणि मग चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेला.

“पेडलवर पाय कुणाचा आहे?”

कोर्टात कुणालाच कळलं नाही. साहेबांनी फोटो खाली धरला आणि बोट ठेवलं. मी आणि समोरचे वकील दोघंही पुढे गेलो. काका सायकलच्या पुढच्या बाजूला, दोन्ही पायांवर जमिनीवर उभे होते. त्यांच्या पायात रबरी चपला. आणि मागे, काकांच्या अंगाने झाकलेलं कुणीतरी सीटवर बसलेलं होतं. त्याचा फक्त एक पाय दिसत होता. काळा बूट, पांढरा मोजा, पोटरीपर्यंत ओढलेला.

“पोराचा,” काका म्हणाले. “तो पेडल मारतो, मी धार लावतो.”

“कितवीत आहे?”

“नववीत.”

“शाळा कधी असते?”

“सकाळची.”

फोटोच्या खालच्या कोपऱ्यात तपासनिसाच्या कॅमेऱ्याने तारीख आणि वेळ छापली होती. बुधवार. सकाळचे 11 वाजून 20 मिनिटं. साहेबांनी स्टेनोला प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी घ्यायला सांगितली. मग काकांना खुर्चीवर बसवून गुडघा जेवढा वाकतो तेवढा वाकवून दाखवायला लावला. काकांनी दोन्ही हातांनी नडगी धरून पाय मागे ओढला. जिथे तो अडला तिथे चेहरा आकसला. ‘अर्जदार पाय पूर्ण वाकवू शकत नाही असे दिसून येते’ एवढंच नोंदलं गेलं. समोरच्या वकिलांनी आणखी एक-दोन प्रश्न विचारले, पण त्यात जीव नव्हता. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, “तपासनिसानं मोबाईलवर पाठवला होता, मीही मोठा करून बघितला नाही.” त्यांच्या जागी मी असते तर काय म्हणाले असते, कोण जाणे.

उत्पन्नाचा पुरावा हा अशा दाव्यांतला कायमचा अडथळा. पगारपत्रक नाही, आयकर विवरण नाही. आम्ही एका खानावळवाल्याला आणि एका शिंप्याला तपासलं. खानावळवाल्याने आपली खर्चाची वही आणली. दर आठवड्याला ‘धार’ या नावाने रक्कम लिहिलेली, अपघाताच्या महिन्यापासून ती ओळ गायब. मागितले होते महिना 15 हजार, धरले 12.

निकालाचं गणित सांगते, कारण अनेकांना ते गूढ वाटतं. काकांचं वय 47. प्रणय सेठी या 2017 च्या निकालानुसार स्वतःचा धंदा करणाऱ्याला 40 ते 50 या वयात भविष्यातल्या वाढीसाठी 25 टक्के धरतात. हे जखमींनाही लागू आहे, हे 2020 च्या पप्पू देव यादव प्रकरणात स्पष्ट झालंय. म्हणजे 12 हजारांचे 15 हजार, वर्षाचे 1 लाख 80 हजार. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचं तो आकडा, 13; झाले 23 लाख 40 हजार. आता याला सात टक्क्यांनी गुणलं तर येतात 1 लाख 63 हजार 800. न्यायाधिकरणाने कमाईच्या ताकदीचं नुकसान धरलं 50 टक्के, म्हणजे 11 लाख 70 हजार. औषधपाणी, उपचारकाळात बुडालेली मिळकत, वेदना आणि पुढचा प्लेट काढण्याचा खर्च मिळून 15 लाख 48 हजार आणि अर्जाच्या तारखेपासून साडेसात टक्के व्याज. मुलाचे श्रम ही अर्जदाराची कमाई धरता येणार नाही, असं निकालपत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

मी शंभर टक्के मागितले होते. साठ मिळाले असते तर जास्त योग्य झालं असतं, असं मला अजूनही वाटतं. पण विजेच्या मोटारवर चालणारा दगड घेतला तर हा माणूस उभ्याने धार लावू शकतो, हा साहेबांचा मुद्दा खोडण्यासारखा नव्हता.

कंपनीने अपील केलं नाही, रक्कम भरली. मात्र पैसे हातात येताना आणखी एक वळण असतं. अशिक्षित किंवा अडचणीतल्या अर्जदाराचे पैसे नातेवाईक, सावकार आणि खरं सांगायचं तर काही वकीलही गिळतात, म्हणून सुसम्मा थॉमस या 1993 च्या निकालापासून मोठा हिस्सा मुदत ठेवीत ठेवायची पद्धत आहे. काकांचेही साठ टक्के तीन वर्षांसाठी ठेवीत गेले. उरलेल्यातून रुग्णालयाचं आणि घरचं कर्ज फिटलं, आणि यंत्राला पैसे उरले नाहीत.

ठेव अंशतः मोडण्याचा अर्ज मी दिला. साहेब म्हणाले, कोटेशन जोडा. काका दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर.

“मॅडम, अर्ध्या हॉर्सपॉवरचं आणू का एकाचं?”

“फरक काय?”

“अर्ध्यावर सुऱ्या-कात्र्या निघतात. एकावर हॉटेलवाल्यांचे मोठे सुरे, कोयते, सगळंच.”

“एकाचं आणा. आणि दुकानदाराचा शिक्का विसरू नका.”