वकील कुठाय?

"तुमचा वकील कुठाय?" घर खाली करायच्या केसच्या सुनावणीत साहेबांनी एवढंच विचारलं आणि शेजारच्या मावशीने पिशवीतून भाड्याच्या पावत्या काढल्या, रबर लावलेल्या, पावसात भिजून शाई पसरलेल्या. "वकिलाक पैशे खंयच्यान हाडूं?"

घरमालकाकडून दोन वकील. मी नुसती सोबतीला गेलेली.

परत येताना फोंड्याच्या बसमध्ये फोनवर वाचलं, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली बाईमाणसाला फुकट वकील मिळू शकतो, उत्पन्न कितीही असो. न्यूयॉर्क शहराने घर खाली करायला लावलेल्या गरीब भाडेकरूंना वकील द्यायचा कायदा केला तो २०१७ मध्ये. आपला तर केवढा आधीचा! मग नोटिशीवरच मोठ्या अक्षरात का छापत नाहीत हे?

सोमवारी मावशीचा अर्ज भरायला जातेय. कुणी असा वकील घेतलाय का, कागद काय काय लागतात?