जातानाचा समुद्र, परततानाचा समुद्र

वेल्सच्या वायव्य टोकाला अँगल्सी नावाचं बेट आहे आणि त्याच्या पश्चिमेला चिकटून होली आयलंड. सी कयाकिंग, म्हणजे समुद्रात कयाक नावाची अरुंद, निमुळती होडी वल्हवणं, करणाऱ्यांमध्ये या किनाऱ्याचं नाव आदराने घेतलं जातं. आयरिश समुद्रातलं भरती-ओहोटीचं पाणी इथल्या खडकाळ टोकांना वळसा घालताना चेपलं जातं आणि भन्नाट वेग घेतं. ताईच्या मनात हा किनारा कित्येक वर्षं होता. पोर्थ दावार्खच्या छोट्या किनाऱ्यावरून निघायचं, पेनरिन माऊरचं टोक ओलांडायचं आणि साउथ स्टॅकच्या दीपगृहाखालून वल्हवत परत यायचं, असा तिचा बेत. मी तिच्यासोबत गेलो.

आम्ही पोचलो ते पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, म्हणजे ऐन उधाणात. आमच्या मार्गदर्शक पन्नाशीच्या होत्या आणि त्यांचं अर्धं आयुष्य याच पाण्यात गेलेलं. सकाळी नऊच्या सुमारास त्या आम्हाला कयाकपाशी न नेता थेट पेनरिन माऊरच्या कड्यावर घेऊन गेल्या.

खाली समुद्राच्या मधोमध पावसाळ्यातली नदी वाहत होती. टोकापुढच्या खडकांवरून पाणी उत्तरेकडे धावत होतं आणि त्यात पांढऱ्या माथ्याच्या लाटा एकाच जागी उभ्या राहून फुटत होत्या. पाणी पुढे जात होतं, लाट मात्र जागची हलत नव्हती. याला टाइड रेस म्हणतात. उधाणात या भागातला प्रवाह ५-६ नॉटपर्यंत जातो (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). सराव असलेला माणूस कयाक तासन् तास चालवतो ती ३ नॉटच्या आसपास. म्हणजे एकदा त्या पट्ट्यात शिरल्यावर कितीही जोर लावला तरी आल्या वाटेने परतता येत नाही. आणि तिथून जेमतेम दोनशे मीटरवर, टोकाच्या आडोशाला, पाणी इतकं शांत की तळाचं शेवाळ दिसत होतं.

मी विचारलं, "आज समुद्र कसा आहे म्हणायचा?"

"कुठला समुद्र? किती वाजताचा?" त्यांनी उलट विचारलं.

मला वाटतं, समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाने हे दोन प्रश्न पाठ करावेत. 'आज समुद्र खवळलाय' किंवा 'आज शांत आहे' हे वाक्य कयाकवाल्याच्या कामाचं नाही. एकाच दिवशी, एकाच टोकापाशी, तीन तासांच्या अंतराने दोन वेगवेगळे समुद्र असतात. भरतीच्या साधारण सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पुढे पुन्हा दोन आणि एक, असा ढोबळ हिशोब आहे. प्रवाहही तसाच मधल्या दोन तासांत सर्वांत जोरात असतो. शिवाय किनाऱ्यावर पाणी चढायचं थांबतं तीच वेळ बाहेरचा प्रवाह उलटण्याची असते असं नाही. नुसतं भरतीचं कोष्टक पाहून निघणारा इथेच फसतो. प्रवाहाच्या वेळा वेगळ्या काढाव्या लागतात, त्या त्या टोकासाठी.

कड्यावरून लाटा नेहमी लहान दिसतात, हेही त्यांनी तिथेच बजावलं. कयाकमध्ये बसल्यावर डोळे पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटर वर असतात. मीटरभर उंचीची लाट मध्ये आली की शेजारचा सोबती दिसेनासा होतो आणि क्षितिज तीन-सव्वातीन किलोमीटरवरच संपतं. दुर्बिणीतून क्षितिजाची रेघ बघायला सांगितली. ती सरळ असेल तर ठीक, करवतीसारखी दातेरी दिसली तर बाहेर मोठ्या लाटा आहेत असं समजायचं. मग घड्याळ लावून लाटा मोजल्या. दोन माथ्यांमध्ये चार-पाच सेकंद असतील तर त्या जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या. दहा-बारा सेकंद असतील तर ती स्वेल, लांबच्या वादळाने पाठवलेली. दहा सेकंदांची लाट खोल पाण्यात दीडशे मीटरहून लांब असते. कयाकखालून ती अलगद निघून जाते, कळतही नाही. पण किनारा उथळ झाला की तीच लाट उभी राहते आणि उतरण्याच्या जागी फुटते. मोठ्या लाटा येतात त्याही टोळीने. म्हणून अनोळखी किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबून नुसतं बघायचं. दोन मिनिटं शांत दिसलं म्हणून आत शिरायचं नाही.

उधाण ओसरून भांग, म्हणजे भरती-ओहोटी सर्वांत कमजोर असते तो काळ, लागेपर्यंत टोक ओलांडायचं नाही असं ठरलं. मधले दिवस खाडीच्या आत सरावात गेले, आणि माझ्या मते अख्ख्या प्रवासाचा पाया तिथेच घातला गेला.

जूनचे दिवस, ऊन छान, पण पाणी १२-१३ अंश. कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाला साजेसे घालायचे. म्हणून भर उन्हात अंगात ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा पोशाख, त्यावर लाइफजॅकेट. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आपल्या ताब्यात नसतो, छाती आपोआप हपापून हवा ओढते. त्यातून सावरलात तर साधारण दहा मिनिटं हातपाय नीट चालतात. शरीर खऱ्या अर्थाने गारठून शुद्ध हरपायला तास लागतो. लोक भितात त्या शेवटच्या तासाला. घात होतो तो पहिल्या मिनिटात किंवा पुढच्या दहात.

ताईने मुद्दाम कयाक उलटवली. स्प्रेडेकची, म्हणजे कंबरेभोवती घालून कॉकपिट (बसायची पोकळी) झाकणाऱ्या आवरणाची, दोरी ओढून ती बाहेर आली, कयाकचा काठ घट्ट धरून राहिली. मी माझ्या कयाकने तिच्या पालथ्या कयाकच्या नाकापाशी गेलो, नाक माझ्या मांडीवर ओढलं, आतलं पाणी धबाधबा ओतून दिलं, ती सुलटी करून माझ्या कयाकला समांतर लावली आणि छातीने तिच्यावर रेललो. ताईने एक टाच आत अडकवली, अंग वर ओढलं, पालथी होऊनच आत सरकली आणि वळून बसली. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत.

"आता तेच दहा मिनिटं पाण्यात राहून करा," मार्गदर्शक म्हणाल्या. यावेळी ती आत बसली खरी, पण स्प्रेडेकची रबरी कडा कॉकपिटच्या ओठावर बसवता येईना. बोटं दिसत होती, हलतही होती, पण चिमटीत जोर नव्हता. मागची बाजू बसवली की पुढची सुटे. शेवटी मी हात लावला तेव्हा ती बसली. तोवर एका लाटेने कॉकपिट पुन्हा निम्मा भरला होता.

"हे मला एकटीला जमलं नसतं रे," ताई म्हणाली.

कयाक चालवता येणं वेगळं आणि उलटल्यावर परत बसता येणं वेगळं. कुठल्या समुद्रात जायचं हे गटातल्या सर्वांत तरबेज माणसाकडे बघून ठरवू नये. ज्याला बाहेर काढायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्याच्याकडे बघून ठरवावं.

एके सकाळी खाडी आरशासारखी होती आणि वारा पाठीमागून, जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. नवख्याला हाच दिवस सर्वांत चांगला वाटतो. काठाशी लाट उठत नाही, कारण वाऱ्याला तिथे पाण्यावर धावायला जागाच मिळालेली नसते. जसजसं बाहेर जावं तसतशी ती मिळत जाते. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेला लाइम बेमध्ये कयाकवर निघालेल्या शाळकरी मुलांना अशाच वाऱ्याने बाहेर ओढून नेलं. कयाकमध्ये पाणी भरलं, खबर द्यायला उशीर झाला आणि चार मुलं गेली. त्यानंतर ब्रिटनमध्ये मुलांच्या साहसी उपक्रमांसाठी १९९५ साली खास कायदा झाला. आम्ही त्या सकाळी किनाऱ्यालगतच राहिलो. मोकळी कयाक वाऱ्यावर किती वेगाने निघून जाते तेही करून पाहिलं, एकीला लांब दोर बांधून. पोहून ती गाठणं अशक्य आहे. म्हणूनच रेडिओ कयाकवर ठेवायचा नाही, लाइफजॅकेटला, आपल्या अंगावर बांधायचा.

भांग लागला. अंदाज होता दक्षिणेचा वारा, ब्यूफोर्ट या वाऱ्याचा जोर मोजायच्या श्रेणीवर ३ ते ४, संध्याकाळी ५. उत्तरेकडचा प्रवाह साडेपाचच्या आसपास थांबून उलटणार होता. बेत असा की चार वाजता निघायचं, मंदावत चाललेल्या प्रवाहाबरोबर उत्तरेला जायचं आणि परतताना ओहोटीच्या दक्षिणेकडच्या प्रवाहावर स्वार व्हायचं. कागदावर झकास. तरी मार्गदर्शकांनी किनाऱ्यावरच एक अट घातली: पाच वाजता, जिथे असू तिथून मागे फिरायचं. तटरक्षक दलाला रेडिओवरून माणसं किती, कयाकचे रंग, वाट आणि परतायची वेळ कळवली आणि निघालो.

पेनरिन माऊर ओलांडताना विश्वास बसेना. कड्यावरून पाहिलेली ती उसळती नदी कुठेच नव्हती. थोडे भोवरे, पाण्यावर तेलकट गुळगुळीत चकत्या, एवढंच. कड्यांच्या फार जवळ मात्र गेलो नाही. तिथे येणारी लाट भिंतीवर आपटून परत फिरते आणि दोन्ही एकमेकींवर चढल्या की पाणी सुळक्यासारखं वर उडतं, कुठल्या बाजूने तोल सावरावा कळत नाही. पुढे अब्राहम्स बूझमचा उपसागर लागला आणि पलीकडे साउथ स्टॅकचं १८०९ सालचं पांढरं दीपगृह. कड्यांच्या फटींतून गिलेमॉट पक्ष्यांचा गलका ऐकू येत होता. पाठीवर वारा, खाली प्रवाह, कयाक आपोआप पळत होती. मला घाम आला होता.

"जरा वळा, आणि दोन मिनिटं उलटं वल्हवा," मार्गदर्शक म्हणाल्या.

वळलो आणि वारा तोंडावर आदळला. पाठीवर असताना जो वारा जाणवतही नव्हता, त्याने वल्ह्याचं वरचं पातं मागे ढकललं. किनाऱ्यावरचा खडक नजरेने धरून ठेवला होता, तो फार हळू सरकत होता. पांढरे माथे मोजायला सांगितले, तर नजर टाकावी तिथे दिसत होते. म्हणजे ४ आत्ताच आला होता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि पुढचा आकडा ५ होता.

खरा पेच वेगळाच होता. आत्तापर्यंत वारा आणि प्रवाह दोघंही उत्तरेला चालले होते, म्हणून पाणी मऊ होतं. साडेपाचनंतर प्रवाह दक्षिणेला वळणार, थेट वाऱ्याच्या तोंडात. प्रवाहावर वारा उलटा आला की लाटा आखूड होतात, उभ्या चढतात आणि फुटतात. ज्या ओहोटीवर स्वार होऊन घरी यायचं होतं, तीच पेनरिन माऊरपाशी आमच्यासमोर भिंत उभी करणार होती.

पाचला वीस मिनिटं कमी होती. दीपगृह हाकेच्या अंतरावर वाटत होतं. ताईने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "चल, फिरू या. पाणी थांबलेलं असताना ते टोक मागे टाकायचंय." कुणीही वाद घातला नाही. मला तिचा फार अभिमान वाटला, कारण हा बेत तिचा होता.

परतीची वाट कष्टाची होती. वल्हं पाण्यालगत धरून, आखूड हात मारत, एकमेकांपासून दोन कयाकइतक्या अंतरात राहून आलो. टोकापाशी पोचलो तेव्हा प्रवाह जवळपास मेला होता. तिथे न थांबता पुढे आलो आणि पोर्थ दावार्खला टेकल्यावर मार्गदर्शकांनी सर्वांत आधी रेडिओ काढून आम्ही सगळे जमिनीवर असल्याचं तटरक्षक दलाला कळवलं. हे राहून गेलं तर विनाकारण शोधनौका बाहेर पडतात.

रात्री ताईने वही उघडून पुढच्या भांगाच्या तारखा लिहून घेतल्या. समोर लिहिलं: वारा दक्षिणेचा असेल तर दिवसभर ३ च्या आत, नाहीतर प्रवाह दिवसा उत्तरेला वाहत असताना दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दिशेने, परतायला गाडी.