लाकडी पाईप घडवायला शिकताना आलेला अनुभव : दांडी आणि स्टेममधला सांधा

तंबाखूचा लाकडी पाईप हाताने कसा घडवावा, हे शिकवणाऱ्या बहुतेक मार्गदर्शिकांमध्ये एक वाक्य ठरलेले असते : ‘आता स्टेम दांडीत बसवून घ्या.’ (स्टेम म्हणजे तोंडात धरायची नळी आणि दांडी म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीपासून निघणारा लाकडाचा भाग.) त्याआधी लाकडाची निवड, आकाराचे रेखाटन आणि कानशींचे प्रकार यांवर पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात आणि त्यानंतर लगेच पॉलिशचे कौतुक सुरू होते. मधले हे एक वाक्य मात्र बाटलीला बूच लावायचे असावे इतक्या सहजपणे लिहिलेले असते. या छंदातला माझा सर्वाधिक वेळ आणि सर्वाधिक संताप या एका वाक्यात जे सांगितलेले नाही, त्यापायी खर्ची पडला आहे. नव्याने शिकणाऱ्याला निदान त्या टप्प्यावर तरी कोणी हाताला धरून पुढे न्यावे, एवढ्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

तंबाखू आरोग्याला घातक आहे हे मला पूर्ण मान्य आहे आणि मी स्वतः तो ओढत नाही. मला या वस्तूच्या सुतारकामाचे वेड आहे. हाताच्या मुठीत मावणाऱ्या लाकडाच्या एका तुकड्यात तीन छिद्रे अचूक जुळवायची आणि बाहेरून डोळ्याला गोड वाटेल असा आकार द्यायचा, हे आव्हान मला पुरते.

लाकडाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याविषयी भरपूर माहिती मिळते. चांगले पाईप ब्रायरचे करतात. भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी, खोड आणि मुळे यांच्या मध्ये, जी गाठ कित्येक वर्षे वाढत राहते, ती खणून काढतात, तिचे ठोकळे पाडतात, आतला चीक आणि टॅनिन निघून जावे म्हणून ते तासन् तास उकळतात आणि मग महिनोन् महिने सावकाश वाळवतात. हे लाकूड घट्ट असते आणि उष्णता चांगली सोसते. फ्रान्सच्या जुरा पर्वतातील सेंट-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या लाकडाच्या पाईपांसाठी ओळखले जाते. नवशिक्याने आधीच छिद्रे पाडलेला आणि स्टेम सोबत असलेला तयार ठोकळा घ्यावा, हा माझा ठाम सल्ला आहे. छिद्रे स्वतः पाडायची असतील, तर तंबाखूची पोकळी साधारण 19 ते 20 मिलिमीटर रुंद ठेवावी, धुराचा मार्ग साधारण 4 मिलिमीटरचा असावा आणि तो पोकळीच्या अगदी तळाशी, बरोबर मध्यावर उघडावा. तो वर उघडला, तर तळाची तंबाखू न जळता ओली राहते. आकार देणे हा सगळ्यात आनंदाचा आणि मला तरी सगळ्यात सोपा वाटलेला भाग. करवतीने कोपरे काढावेत, खरखरीत कानशीने गोलाई आणावी आणि वाटीची भिंत कुठेही 6 मिलिमीटरपेक्षा पातळ होऊ देऊ नये.

आता तो सांधा. लाकडाच्या दांडीच्या टोकाला एक गोल खोबण असते, बहुधा 8 मिलिमीटर व्यासाची. स्टेमच्या टोकाला तेवढ्याच जाडीची गोल कूस असते. कूस खोबणीत सरकली, की स्टेमचा सपाट खांदा दांडीच्या सपाट तोंडाला सगळीकडून टेकला पाहिजे. वर्णन एवढेच आहे. प्रत्यक्षात पाईप खिडकीसमोर धरला, की सांध्याच्या एका बाजूने केसाएवढी उजेडाची रेघ दिसते. ती घालवण्यासाठी दांडीचे तोंड पॉलिश पेपरवर घासले, की रेघ दुसऱ्या बाजूला जाते. पुन्हा घासले, की दांडी आखूड होते आणि रेघ तशीच राहते. या चक्रात जो सापडला आहे, त्यालाच त्या ‘बसवून घ्या’ची खरी किंमत कळते. लिहिणाऱ्यांनी बहुधा लेथ (वस्तू फिरवत ठेवून कापणारे यंत्र) वापरलेला असतो आणि लेथवर ही अडचण येतच नाही, कारण तिथे खोबण आणि तोंड एकाच पकडीत कापले जातात आणि आपोआप एकमेकांशी काटकोनात राहतात. हाताने काम करणाऱ्याला हे कोणी सांगत नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

रेघ दिसण्याची कारणे मला तीन आढळली आणि ती ओळखायला शिकल्यावरच कामाला गती आली. पहिले कारण असे, की दांडीचे तोंड खोबणीच्या अक्षाशी काटकोनात नसते. नुसत्या डोळ्यांनी घासून हा काटकोन साधत नाही. त्यासाठी खोबणीत अचूक बसेल अशी पोलादी सळई घ्यावी, तिच्यावर काटकोनात पक्की बसणारी सपाट चकती चढवावी, चकतीच्या तोंडावर पॉलिश पेपर चिकटवावा आणि सळई खोबणीत घालून हाताने हळूहळू फिरवावी. सळई खोबणीच्या दिशेनेच फिरते, त्यामुळे तोंड त्या दिशेशी काटकोनातच घासले जाते. हे साधे अवजार हाती आल्यावर मला जो दिलासा मिळाला, तो पहिला पाईप पूर्ण झाल्याच्या आनंदापेक्षाही मोठा होता.

दुसरे कारण कुशीच्या मुळाशी असते. कूस आणि स्टेमचा खांदा जिथे मिळतात, तिथला कोपरा पूर्ण धारदार नसतो; तिथे किंचित गोलाई उरते. ती गोलाई खोबणीच्या कडेवर चढते आणि स्टेमला आत जाऊ देत नाही. दोन्ही तोंडे कितीही सपाट केली, तरी रेघ उरतेच. उपाय अगदी छोटा आहे : खोबणीच्या तोंडाची आतली कड अगदी थोडी उतरती करावी, म्हणजे गोलाईला जागा मिळते. तिसरे कारण कुशीची लांबी. कूस खोबणीपेक्षा जराशी जरी लांब असली, तरी ती तळाला आधी टेकते आणि खांदा अधांतरी राहतो. फारच आखूड केली, तर मध्ये उरलेल्या पोकळीत ओलावा साचतो आणि ओढताना गुडगुड आवाज येतो, अशी तक्रार माझे पाईप वापरणाऱ्यांकडून ऐकली आहे. अर्ध्या मिलिमीटरचे अंतर मला योग्य वाटते.

यापैकी कोणते कारण आहे, हे शोधायला मेणबत्तीची काजळी फार उपयोगी पडते. स्टेमच्या खांद्यावर काजळीचा पातळ थर द्यावा, स्टेम न फिरवता सरळ आत दाबावे आणि बाहेर काढून दांडीचे तोंड पाहावे. काळे डाग कडेच्या एका भागावरच असतील, तर काटकोन चुकलेला आहे. डाग खोबणीच्या तोंडालगत गोल उमटले, तर मुळाची गोलाई अडते आहे. डाग उमटलेच नाहीत, तर कूस तळाला टेकते आहे. हे कळल्यावर नेमके तेवढेच लाकूड काढता येते आणि आंधळेपणाने घासत बसण्याची वेळ येत नाही.

सांधा एकदा जुळला, की स्टेमच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करावी, कारण हाताने जुळवलेला सांधा बहुधा एकाच स्थितीत अचूक बसतो. आणि इथून पुढे दांडी आणि स्टेम यांना वेगवेगळे घासू नये. स्टेम आत ठेवूनच दोन्हींवरून एकत्र कागद फिरवावा. दांडी एकटी घासली, की तिच्या तोंडाची कड गोल होते आणि इतक्या कष्टाने मिटवलेली रेघ परत उघडते. एकत्र घासतानाही कागद बोटांनी दाबू नये. ब्रायर आणि स्टेमचे एबोनाइट (कडक केलेले रबर) सारख्या वेगाने झिजत नाहीत, त्यामुळे बोटांखाली सांध्यावर सूक्ष्म पायरी तयार होते. कागद सपाट कडक पट्टीवर गुंडाळला, तर ती होत नाही. तयार ठोकळ्यासोबत आलेल्या स्टेमचा सांधा यंत्रावर कापलेला असतो. त्याच्या तोंडाला तर हातच लावू नये. मार्गदर्शिकांनी एवढे एक वाक्य जरी छापले असते, तरी माझी चिडचिड निम्मी झाली असती.

हवेतल्या ओलाव्याचाही विचार करावा लागतो. दमट दिवसांत लाकूड फुगते आणि कूस घट्ट वाटते. अशा वेळी ती घासून सैल केली, तर कोरड्या हवेत स्टेम लटपटते. घट्ट वाटणाऱ्या कुशीवर मऊ पेन्सिलीचे शिसे चोळून पाहावे. बरेचदा तेवढ्याने काम भागते. पाईप गरम असताना स्टेम कधीही काढू नये, असे पाईप ज्यांना द्याल त्यांना आवर्जून सांगावे, कारण त्या वेळी दांडी तडकण्याची भीती असते.

आधी सांगायला हवे होते असे एक आत्ता आठवले : ब्रायर आणि एबोनाइट या दोन्हींची धूळ फार बारीक असते, तेव्हा चांगल्या प्रतीचा मास्क पहिल्या दिवसापासून लावावा. स्टेमला बाक द्यायचा असेल, तर आतल्या छिद्रात पाईप साफ करण्याची लवचीक काडी घालून मगच ते तापवावे, म्हणजे छिद्र दबत नाही. बाक दिल्यावर गार होईपर्यंत तसेच धरून ठेवावे, कारण एबोनाइट पुन्हा तापले की सरळ होऊ पाहते. तीच काडी शेवटी टोकाकडून आत सारून पाहावी. ती वाटीच्या तळापर्यंत न अडता पोहोचली, तर आतला मार्ग ठीक आहे.

रंगाच्या बाबतीत मला स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग आवडतो. आधी गडद रंग लावून तो बारीक कागदाने बराचसा काढून टाकावा आणि मग फिका रंग द्यावा, म्हणजे लाकडाच्या रेषा उठून दिसतात. वरून जाड व्हार्निश नको. ते उष्णतेने फुगते. कार्नौबा मेण (एका ताडवृक्षाच्या पानांपासून मिळणारे कडक मेण) कापडी चाकावर चढवावे आणि तेसुद्धा स्टेम आत असतानाच, कारण चाकाचा मऊ दाबही उघड्या कडेला गोल करायला पुरेसा असतो.