बाप म्हणतो कार्ड पळतंय, लेक म्हणतो झोपलंय

लॅमिंग्टन रोडवर पीसी जोडणाऱ्या माणसाला एक प्रश्न कायमचा चिकटलेला असतो : "दादा, प्रोसेसर जुना आहे, नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं तर बॉटलनेक होईल का?" म्हणजे एक भाग हळू पडून दुसऱ्याला अडवून ठेवेल का. मी उलट विचारतो, "मशीनवर करता काय?" बऱ्याच जणांना ही टाळाटाळ वाटते. डोंबिवलीहून एक काका आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा आले, त्या दिवसापासून मी हे जरा जास्तच ठासून विचारतो.

काकांचा धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. घरात पीसी एकच. दिवसा त्यावर वडिलांचं एडिटिंग, रात्री मुलाचा गोळीबाराचा गेम, काउंटर-स्ट्राइक २. आत रायझनचा २६००, म्हणजे २०१८ सालचा, सहा कोअर-बारा थ्रेडचा, म्हणजे एका वेळी बारा कामं हाकणारा प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि १६ जीबी रॅमची एकच पट्टी. जुनं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड काढून त्यांनी दुसरीकडून आरटीएक्स ४०६० घेतलं होतं. मुलाचं म्हणणं, कार्ड डिफेक्टिव्ह आहे, तपासून तसं सांगा, परत करतो.

"अहो, काही खराब नाही," काका म्हणाले. "माझं काम सुसाट चाललंय. ह्याला उगाच नवीन काहीतरी हवंय."

एकाच कार्डाबद्दल इतक्या उलट साक्षी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कॅबिनेट चादरीतून सोडवून टेबलावर घेतला.

पोरगा पुराव्यानिशी आला होता. पहिला पुरावा बॉटलनेक कॅल्क्युलेटरचा स्क्रीनशॉट. ह्या कॅल्क्युलेटरांवर माझा काडीचा विश्वास नाही. कोणता गेम, किती फ्रेम (सेकंदाला किती चित्रं) हव्यात हे धड न विचारता ते टक्केवारी फेकतात. दुसरा पुरावा मात्र खरा होता : कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये कार्ड 'एक्स८ ३.०' दिसत होतं. कार्ड ज्या वाटेने प्रोसेसरशी बोलतं ती पीसीआय एक्सप्रेस. ४०६० ला तिच्या मुळात आठच लेन आहेत, शिवाय कार्ड तिच्या चौथ्या पिढीचं आणि २६०० तिसऱ्या पिढीचा, त्यामुळे कार्डाला ठरल्याच्या निम्मी बँडविड्थ मिळते. ऐकायला भयंकर वाटतं, पण गेम कार्डाच्या ८ जीबी मेमरीत मावतोय तोवर फरक किरकोळ असतो. तिसरा पुरावा त्याच्या मते बिनतोड : "टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर चाळीस टक्के पण नाही वापरला जात. मग तो अडवेल कसा?"

इथे भलेभले फसतात. बारा थ्रेडपैकी एक पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम आठ टक्के दिसतो. गेमचं मुख्य काम मोजक्या थ्रेडवरच चालतं. मी आफ्टरबर्नर हे मोजमापाचं सॉफ्टवेअर लावून प्रत्येक थ्रेडचा आलेख वेगळा दाखवला. एक थ्रेड छताला टेकलेला, दुसरा त्याच्या मागोमाग, बाकीचे निवांत. कार्डाचा वापर पन्नास टक्क्यांच्या आत, फ्रेम एकशे तीसच्या आसपास. धुराचा बाँब पडून चार-पाच जण एकदम समोर आले की ऐंशीपर्यंत गचका. त्याचा मॉनिटर १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ फ्रेम दाखवू शकणारा, त्यामुळे तो गचका त्याला खुपणारच.

मग माझी आवडती चाचणी. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. पडद्यावर सगळं भुरकट झालं, कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं, आणि फ्रेम? होत्या तेवढ्याच. कार्ड अडवत असतं तर त्या उसळल्या असत्या. उलट अँटी-अलायझिंग, म्हणजे कडा गुळगुळीत करणारं कार्डाचं काम, आठपट केलं, तरी फ्रेम हलल्या नाहीत, चित्र मात्र गुळगुळीत झालं. पोरगा गप्प बसला.

काकांना मी सांगू लागलो, की प्रत्येक फ्रेमसाठी कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, काय काय काढायचं हे आधी प्रोसेसर ठरवतो, तेव्हा कुठे कार्ड चित्र काढतं. त्यांनी मला मध्येच तोडलं : "म्हणजे माझा कॅमेरा लाखाचा असला तरी भटजींचं मंगलाष्टक संपेपर्यंत मला अक्षतांचा शॉट मिळत नाही, तसं."

इतकं नेमकं मला जमलं नसतं.

आता काकांची बाजू. रिझॉल्व्ह ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरमधला त्यांचा चालू प्रोजेक्ट उघडला : हॉलच्या पिवळ्या दिव्यांतलं ४के फुटेज, त्यावर कलर करेक्शन आणि नॉइज रिडक्शन. जुन्या ४ जीबी कार्डावर 'जीपीयूची मेमरी भरली' हा संदेश येऊन रेंडर मध्येच थांबायचं. इथे तोच प्रोसेसर, तेच कार्ड, पण कार्डाचा वापर पंच्याण्णवच्या वर आणि प्रोसेसर आरामात. बॉटलनेक शोधायला आलेल्या पोराला तो वडिलांच्या टाइमलाइनवर सापडला, आणि तिथे अडवणारं कार्ड होतं. दोघंही खरंच बोलत होते.

उपाय दोन पायऱ्यांत केला. आधी रॅम. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, रॅमला पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी बंद, त्यामुळे एकुलती पट्टी २१३३ वर रखडत होती. रायझनमध्ये आतल्या जोडणीचा वेगही रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, म्हणून हे जास्त भोवतं. जोडीची पट्टी लावून ड्युअल चॅनल केलं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम कामाला लावल्या, वेग वाढवला. गचके बऱ्यापैकी कमी झाले. काकांना वाटलं, भागलं. मुलाला वाटलं, अजून आहे.

दुकानात चाचणीसाठी ठेवलेला रायझनचाच नवा प्रोसेसर, ५६००, होता. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, तोच, एएम४. पण आधी जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अपडेट करायचं, नाहीतर बोर्ड नव्याला ओळखतच नाही. ते चालू असताना मी यूपीएसच्या दिव्याकडेच बघत असतो, लाइट गेली की बोर्ड मेला. नवा प्रोसेसर बसला आणि फ्रेम दोनशेच्या वर गेल्या. हेच मशीन इंटेलच्या सातव्या पिढीचं असतं तर चार कोअरच्या आय७ पलीकडे त्या बोर्डात काही बसलंच नसतं, आठव्या पिढीला सॉकेट दिसायला तेच, पण बोर्ड नवा लागतो. मग बोर्डासकट खर्च सांगताना माझीच जीभ अडखळते.

काकांनी किंमत विचारली, मग विचारलं, "माझं रेंडर किती कमी होईल?" मी सांगितलं, थोडंसंच. त्यांनी मुलाकडे पाहिलं. बरीच घासाघीस झाली. अखेर जुना २६०० विकून येतील ते पैसे आणि उरलेले मुलाने पुढच्या चार लग्नांत दुसरा कॅमेरा धरून फेडायचे, असं ठरलं.

पोरगा तोवर पुन्हा आफ्टरबर्नरकडे बघत होता. "दादा, कार्ड अजून पंचाहत्तरच टक्के चालतंय. नव्व्याण्णवला न्यायला कुठला प्रोसेसर लागेल?"

काकांनी मॉनिटरची वायर उपटली. "चादर धर. ठाण्याची गर्दी सुरू व्हायच्या आत निघायचंय."