विटांची गोधडी

आईच्या सुती महेश्वरी साड्या निऱ्यांवर विरू लागल्या, तेव्हा त्यांची गोधडी करायचे ठरले. मात्र तिचा नमुना दुसऱ्या कुणाचा नको, असे मला आतून वाटत होते. इंदूरहून सुमारे ९० किलोमीटरवरच्या महेश्वरच्या विणकरांनी किल्ल्याच्या दगडी भिंतींवरून आणि नर्मदेवरून काठ घडवले. ‘ईंट’, ‘चटाई’, ‘लहर’ ही त्यांची नावे. आईच्या बहुतेक साड्यांना ईंटेचा काठ होता. तीच वीट मोठी करून सगळी गोधडी भरावी, एवढीच माझी कल्पना.

६० बाय ९० इंचांसाठी मी ३ बाय ६ इंचांची वीट धरली. आलेख कागदावर सगळ्या ओळी सारख्या मांडल्या, तर भिंतीऐवजी फरशी दिसू लागली. गवंडी सांधे चुकवतो तसे एकाआड एक ओळीत अर्धी वीट सरकवली, तेव्हा कुठे भिंत उभी राहिली. तीस ओळींना २८५ अख्ख्या आणि ३० अर्ध्या विटा लागतात. शिवणीसाठी चारही बाजूंना पाव इंच माया सोडायची, म्हणून अख्खी वीट साडेतीन बाय साडेसहा कापली. त्याच कापलेल्या विटेचे दोन भाग केले की अर्धी वीट मिळेल, असे समजून मी बारा तुकडे वाया घालवले. अर्धा भाग सव्वातीन इंच भरतो आणि नव्या कडेची माया धरून साडेतीन लागतो. वापरलेल्या साडीत धड कापड मोजकेच निघते, त्यामुळे त्या बारा तुकड्यांची हळहळ अजून आहे.

रंगांनी मला सर्वांत जास्त शिकवले. मरून आणि गर्द हिरवा शेजारी ठेवताना मला ते अगदी वेगळे वाटले होते, पण मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढले तर दोन्ही एकाच करड्या छटेचे दिसले आणि विटा एकमेकींत विरघळल्या. मग सगळी मांडणी जमिनीवर पसरून गडद विटेशेजारी फिकी येईल अशी पुन्हा लावली. त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

आत दोन जुन्या साड्यांचे थर आहेत. धावदोरा मात्र आई घालत असे तसाच, कडेपासून आत फेऱ्याफेऱ्यांनी घालते आहे. सध्या चौथी फेरी चालू आहे.