तीन प्राइम लेन्सच्या जागी एक झूम : माझा अनुभव

रंगपंचमीच्या दुपारी नाशिकच्या तिवंधा चौकातल्या पेशवेकालीन रहाडीच्या (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाच्या) काठावर, शर्टाच्या आडोशाला कॅमेरा धरून मी ८५ मिलिमीटरची लेन्स काढून ३५ मिलिमीटरची लावत होतो आणि नेमक्या त्याच वेळी समोरच्या तरुणाने रहाडीत धप्पा मारला. तो फोटो हुकलाच, शिवाय कॅमेऱ्याच्या उघड्या बॉडीत रंगाचे तुषार गेले आणि संध्याकाळी गोदाघाटावर काढलेल्या आकाशाच्या प्रत्येक फोटोत एकाच जागी बारीक डाग दिसू लागले. सेन्सर साफ करून घेण्याचा खर्च पदरी पडला. चूक सर्वस्वी माझीच होती.

त्या वेळी माझ्या बॅगेत कॅननच्या ६डी मार्क २ या बॉडीबरोबर तीन प्राइम लेन्स, म्हणजे झूम न होणाऱ्या, एकाच फोकल लेंथच्या लेन्स असत : ३५ मिलिमीटर एफ/२, ५० मिलिमीटर एफ/१.८ आणि ८५ मिलिमीटर एफ/१.८. (मिलिमीटरचा आकडा लहान तितके दृश्य अधिक रुंद; एफचा आकडा लहान तितका उजेड अधिक.) तिन्ही उत्तम होत्या आणि त्यांच्या दर्जाबद्दल माझी आजही तक्रार नाही. म्हणूनच झूम घेण्यापूर्वी मी मागच्या दोन वर्षांचे फोटो संगणकावर फोकल लेंथनुसार गाळून पाहिले. निम्म्याहून अधिक फोटो ३५ चे निघाले, पण सराफ बाजाराच्या आणि जुन्या नाशिकच्या बोळांतले बरेचसे भिंतीला पाठ टेकवून काढलेले असल्यामुळे कडांना कोणाचा तरी हात किंवा वाड्याची कमान तुटलेली होती. तिथे मला २४ हवी होती. याउलट ८५ च्या फोटोंत, मागे सरकायला जागा नसल्याने कपाळ कापले गेलेले चेहरे पुष्कळ सापडले. म्हणजे मला २४ ते ७० एवढाच पल्ला खरोखर लागत होता.

तरीही २४-१०५ एफ/४ चा मोह सुटत नव्हता, कारण ती स्वस्त, अधिक पल्ल्याची आणि हाताची थरथर सावरणारी यंत्रणा (स्थिरीकरण) असलेली लेन्स आहे. २४-७० एफ/२.८ च्या २०१२ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ही यंत्रणा नाही. निर्णय कागदावर करण्याऐवजी मी दोन्ही लेन्स एका दिवसासाठी भाड्याने आणल्या (अनामत रक्कम आणि आधारची प्रत ठेवून घेतात, त्याची तयारी असावी) आणि संध्याकाळच्या आरतीला रामकुंडावर गेलो. ज्या उजेडात एफ/१.८ वर, सेकंदाच्या दोनशेव्या भागात, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटोत दाणे वाढतात) १६०० पुरत असे, तिथे एफ/२.८ वर सुमारे ४००० आणि एफ/४ वर सुमारे ८००० लागला. शटरचा वेग कमी करावा तर फिरणारी आरती आणि ती धरणारा हात पुसट होत होते, कारण स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर थांबवते, समोरच्या माणसाची हालचाल नव्हे. ४००० चे दाणे मला चालण्यासारखे वाटले, ८००० चे वाटले नाहीत. तिथेच निकाल २४-७० च्या बाजूने लागला.

नवी लेन्स परवडणारी नव्हती, म्हणून वापरलेली शोधली. नाशिकच्या पावसाळ्यात बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही, त्यामुळे विक्रेत्यासमोरच मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत टाकून, समोरून तिरप्या नजरेने प्रत्येक काच पाहिली. पहिली लेन्स याच परीक्षेत नापास झाली : कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसत होते. दुसरी स्वच्छ होती, झूमची रिंग कुठे अडत नव्हती आणि नळीही डुगडुगत नव्हती. नारोशंकर मंदिराच्या दगडी कोरीवकामासमोर तिपाईवर लावून चारही कोपरे तपासले; एकच कोपरा मऊ दिसला असता तर आतली काच सरकल्याचा संशय आला असता. ७० वर मात्र फोकस किंचित मागे बसत होता. या बॉडीत झूमच्या दोन्ही टोकांसाठी वेगवेगळी फोकस दुरुस्ती नोंदवता येते, त्यामुळे अर्ध्या तासात ते जुळले.

वजनाच्या बाबतीत माझा अंदाज मात्र फसला. तिन्ही प्राइमचे मिळून सुमारे ९२० ग्रॅम होत होते आणि ही एकटी ८०५ ग्रॅमची आहे, म्हणून ओझे घटले असे मी समजत होतो. परंतु पूर्वी एका वेळी गळ्यात ३३५ ग्रॅमची लेन्स असे आणि उरलेल्या पाठीवर. आता सारा भार पुढच्या बाजूला आला आहे. पहिल्याच आठवड्यात मान धरली आणि खांद्यावरून तिरका घ्यायचा पट्टा आणावा लागला. फिल्टरही ८२ मिलिमीटरचा लागतो, जुने सगळे निरुपयोगी ठरले.

३५ आणि ८५ विकल्या. ८५ देताना जीवावर आले, कारण तिची मागचा गर्दीचा गोंधळ विरघळवण्याची ताकद ७० वर एफ/२.८ मध्ये येत नाही आणि ती उणीव मला अजूनही जाणवते. ५० मात्र ठेवली आहे. जेमतेम १६० ग्रॅमची, विकून हाती फारसे काही येणारही नव्हते.

यंदा तिवंध्यावर आणि पुढे शनी चौकात सकाळी घरी चढवलेली लेन्स संध्याकाळी घरीच उतरवली. सेन्सर स्वच्छ निघाला, पण लेन्सच्या पुढे लावायच्या हूडच्या आतल्या काळ्या अस्तरात शिरलेला रंग अजून पुरता निघालेला नाही.