आखाजी, चिंचोके आणि पियाजे

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि आमच्या केंद्रातल्या सगळ्या गुरुजी-मॅडम लोकांची झोप उडाली. ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं. माझी तर सतरा वर्षं शिल्लक, म्हणजे सुटका नाहीच. मग काय, डीएडला पाठ केलेलं बालमानसशास्त्र पंधरा वर्षांनी परत काढलं. तीस प्रश्न तीस मार्क, आणि त्यात पियाजे ठरलेला, म्हणजे मुलांचा विचार वयाप्रमाणे कसा बदलतो ते सांगणारा मानसशास्त्रज्ञ. त्याच्या अवस्था वर्षांप्रमाणे, शून्य ते दोन संवेदनकारक, दोन ते सात पूर्वक्रियात्मक, सात ते अकरा मूर्त, अकराच्या पुढे औपचारिक. पोळ्या लाटता लाटता म्हणायचे, मुलगा म्हणे आई तू पाढे म्हणतेय का.

तर यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले (चोपड्याकडे, तापीच्या अलीकडे, नाव सांगत नाही नाहीतर सगळे ओळखतील) तेव्हा पुस्तक पिशवीतच होतं. बहीण पण आलेली, तिची दोन, भाची आठ वर्षांची आणि भाचा साडेपाचचा, शिवाय भावाचं दीड वर्षाचं. निंबावर झोका बांधलेला, वहिनी खापरावर पुरणपोळ्या टाकतेय, आणि मी ओसरीवर बसून भाच्याला म्हटलं ये, तुला एक गंमत दाखवते.

गंमत म्हणजे पियाजेचाच प्रयोग. सहा चिंचोके एका ओळीत, सहा दुसऱ्या ओळीत, समोरासमोर. सारखे आहेत? हो सारखे. मग मी एका ओळीतले चिंचोके लांब लांब पसरवले आणि माझ्या शाळेतल्या आवाजात विचारलं, आता सांग, कोणत्या ओळीत जास्त आहेत? त्याने माझ्याकडे बघितलं, ओळीकडे बघितलं, परत माझ्याकडे, आणि लांब ओळीवर बोट ठेवलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, पुस्तकात लिहिलंय तसंच्या तसं! साडेपाच वर्षं, पूर्वक्रियात्मक अवस्था (म्हणजे दिसतं त्यावरून ठरवायचं वय), पर्याय क्रमांक दोन.

मी परत सारखे मांडले, बहिणीला बोलावलं की बघ बघ आता कसं चुकतो, तेवढ्यात भावाचं धाकटं दुडूदुडू आलं आणि सरळ हाताने एक ओळ फिसकटून टाकली. मी वैतागले, पण सवयीने घरच्या अहिराणी बोलीत विचारून गेले, आते सांग, जास्त कोठे शेतस? तर हा पठ्ठ्या म्हणतो, "तितलाच शेतस ना मावशी, त्यानी नुसता ढकली दिनात."

आता काय बोलायचं. तितकेच आहेत, त्याने नुसते ढकलले. पाच मिनिटांपूर्वी चुकणारं पोरगं अचानक पुढच्या अवस्थेत गेलं का? पुस्तकाप्रमाणे अजून दीड वर्षं बाकी होतं.

रात्री गच्चीवर मोबाईलवर वाचत बसले तेव्हा कळलं की हे आमच्या ओसरीवर पहिल्यांदा घडलेलं नाही. १९७४ साली स्कॉटलंडमध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या संशोधकांनी मुद्दाम हेच केलं होतं. चार ते सहा वर्षांची मुलं, दोन ओळी, फक्त ओळ मोठ्या माणसाने हलवायच्या ऐवजी एक खोडकर टेडी अस्वल येऊन विस्कटून जायचं. मोठ्या माणसाने हलवली तर फार थोडी मुलं बरोबर उत्तर द्यायची, आणि अस्वलाने हलवली तर निम्म्याहून जास्त. कारण काय, तर मोठं माणूस समोर बसून मुद्दाम काहीतरी बदल करतं आणि तोच प्रश्न परत विचारतं, म्हणजे पोराला वाटतं की बाईंना काहीतरी वेगळं उत्तर हवंय. आणि हे वाचलं आणि मला माझा वर्ग दिसला हो. मी "नक्की का?" असं म्हटलं की अख्खा दुसरीचा वर्ग उत्तर बदलतो. बरोबर असलेलं सुद्धा. बाईंनी परत विचारलं म्हणजे चुकलं, एवढं गणित त्यांना पक्कं जमलेलं असतं.

अर्थात माझ्या प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलल्या, हलवणारा बदलला आणि भाषा पण बदलली, त्यामुळे नक्की कशाने फरक पडला ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण प्रमाण मराठीत विचारल्यावर त्याने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं होतं आणि अहिराणीत विचारल्यावर चिंचोक्यांकडे, एवढं मी डोळ्याने पाहिलंय.

आणि गंमत बघा, पियाजेची सुरुवातच मुळी चुकीच्या उत्तरांपासून झाली. १८९६ चा जन्म, स्वित्झर्लंड, आधी गोगलगायी शिंपले गोळा करणारा जीवशास्त्रवाला. पॅरिसमध्ये पोरांच्या बुद्धिमत्ता चाचण्यांचं काम मिळालं, तिथं बाकीच्यांनी बरोबर उत्तरं मोजली असती, ह्याला वाटलं की एकाच वयाची पोरं एकाच पद्धतीने का चुकतात? मग पुढं स्वतःच्या तीन पोरांमागे वही घेऊन फिरला. बाळाच्या समोरून खेळणं झाकलं तर ते शोधतं की नाही, कितव्या महिन्यात शोधतं, सगळं लिहून ठेवलं. असा माणूस, आणि आपण त्याच्या नावावर काय पाठ करतो तर दोन, सात, अकरा. त्याच्या कामातला सगळ्यात कच्चा भाग तोच आहे. १९८५ साली रने बेयार्जों वगैरे संशोधक मंडळींनी दाखवलं की पाच महिन्यांच्या बाळाला सुद्धा पडद्यामागची वस्तू तिथंच आहे हे कळत असावं, अशक्य काही घडलं की ते जास्त वेळ टक लावून बघतं. हात घालून शोधायला उशीर लागतो, तो भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी भाचा एकटाच तुरकाठ्यांचं घर बांधत बसलेला. तोंड चालूच. "हाई आठे... नही नही, तठे... हां, आते बरोबर." (हे इथं, नाही नाही, तिथं, हां, आता बरोबर.) ऐकायला कोणीच नाही. यावर पियाजे म्हणायचा की हे आत्मकेंद्री बोलणं, समोरच्याचा विचार करता येत नाही म्हणून, मोठं झालं की गळून पडतं. वायगोत्स्की (रशियन मानसशास्त्रज्ञ, हा पण १८९६ चाच, क्षयाने सदतिसाव्या वर्षी गेला बिचारा) म्हणाला गळून नाही पडत, आत जातं, आणि तोच आपला विचार बनतो. त्याने काय केलं तर चित्र काढायला बसलेल्या मुलांना हवी ती रंगीत पेन्सिलच ठेवली नाही. अडचण आली की हे स्वतःशी बोलणं जवळपास दुप्पट. एका पोराची ट्राम काढताना पेन्सिल मोडली, ते पुटपुटलं "मोडली", पेन्सिल ठेवली, ब्रश घेतला आणि मोडलेली ट्रामच काढली! म्हणजे तोंडातून निघालेल्या शब्दाने चित्र वळवलं.

मी वर्गात दिवसातून किती वेळा "बडबड बंद" म्हणते ते मोजलेलं नाही, आणि मोजायचं पण नाही मला. पण त्यातली किती पोरं शेजारच्याशी बोलत असतात आणि किती स्वतःशी, आणि ते पण अहिराणीत, कारण विचार त्याच भाषेत चाललेला असतो. सध्या मी गणिताच्या तासाला पुटपुटणं चालू देते. पलीकडच्या वर्गावरचे सर म्हणतात तुमच्या वर्गात मधमाश्यांचं पोळं आहे का.

पुस्तकातला आणखी एक मानसशास्त्रज्ञ एरिक्सन, त्याचं मला कधी पटतं कधी नाही. आयुष्याचे आठ टप्पे आणि प्रत्येकात एक झगडा, १९५० च्या पुस्तकात मांडलेलं. ओळख सापडायचा टप्पा तो किशोरवयात टाकतो, आता आमच्याकडे पोरं तिशीपर्यंत भरतीचे फॉर्म भरतात, बस स्टँडवर विचारलं काय करतोस तर "तयारी" म्हणतात, ह्यांना कुठल्या टप्प्यात बसवायचं? पण त्याचं एक मानते, विकास विसाव्या वर्षी संपत नाही हे त्याने ठासून सांगितलं. टीईटीच्या पुस्तकात मात्र आमच्या आबांच्या (वडिलांच्या) वयाबद्दल एक ओळ नाही, पेपरच बालकांचा ना.

आबा अठ्ठ्याहत्तरचे. दोन वर्षांपूर्वी सगळी बाग भावाकडे दिली, रात्रीच्या लाईटवर मोटर चालू करायला जाणं बंद, लूना बंद. ठेवल्या फक्त विहिरीजवळच्या चार ओळी केळीच्या. पण त्या चार ओळी बघा एकदा. वाळलेलं पान नाही, पील (बुडातून फुटणारा कोंब) वाढलेलं नाही. वाकता येत नाही तर वेल्डिंगवाल्याकडून विळ्याला कमरेएवढा पाईप लावून आणला, उभ्या उभ्या पील कापतात. पॉल बाल्टेस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने म्हातारपणाबद्दल हेच सांगितलंय, निवड करा, निवडलेल्यात जास्त मेहनत घाला, जे जमत नाही त्याला पर्याय काढा. तो उदाहरण द्यायचा रुबिनस्टाईन या पियानोवाल्याचं, ऐंशीच्या घरात तो मोजकेच तुकडे वाजवायचा, त्यांचा सराव वाढवायचा आणि जलद भाग यायच्या आधी मुद्दाम हळू वाजवायचा, म्हणजे पुढचं जलद वाटतं. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "तेला बी गुडघा व्हता का?"

निघायच्या दिवशी भाचीने माझाच प्रयोग आबांवर केला. एका बुटक्या पेल्यात आमरस, एका उंच ग्लासात आमरस, तिने स्वतः मोजून ओतलेला. आबा, जास्त कोनामा शे? आबांनी चष्मा लावला, दोन्ही नीट बघितले, म्हणाले, "थांब, पिसन सांगस," आणि आई शुगर शुगर ओरडत स्वयंपाकघरातून येईपर्यंत दोन्ही रिकामे.